दोन प्रोसेसर आणि एक ड्रम

चिकलठाण्याच्या नव्या सोसायटीचं नाव जलविहार आणि पाणी मात्र टँकरचं. दुष्काळाच्या त्या वर्षी दर चौथ्या दिवशी टँकर यायचा आणि पिण्यासाठी घरटी पन्नास लिटरचा एकच ड्रम मिळायचा. असा एक ड्रम धम्मपालने पैजेवर लावला, तोही बायकोला, रत्नमालेला, न विचारता.

भांडण प्रोसेसरचं होतं. धम्मपालने नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्याचा वेग जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटला. तिसऱ्या मजल्यावरचे वैजनाथराव तंत्रनिकेतनात शिकवत. दुसऱ्याने शिकवलेलं त्यांना सहन होत नसे.

"धम्मपालराव, तुमचा प्रोसेसर पळतो लई, पण कॅश मेमरी एवढुशी! कॅश म्हंजी ओट्यावरचा माठ. माठ लहान असला की दर घोटाला खाली टँकरपाशी पळा. माझ्याचा माठ मोठा. तो जागचा हलत नाय."

"लावता पैज, सर?"

"लावतो. एक ड्रम!"

पैज जिन्यातल्या चार माणसांसमोर लागली होती. आता माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं होतं.

धम्मपाल थेट दुकानात गेला. "भाऊ, याची कॅश वाढवून दे."

"कॅश प्रोसेसरच्या पोटातच राहते, साहब. वरून नाय भरता येत. रॅम टाका पाहिजे तर."

"रॅम म्हंजी?"

"समजा, गच्चीवरची टाकी."

त्या उन्हाळ्यात अख्ख्या शहराला पाण्याशिवाय दुसरं उदाहरण सुचत नव्हतं. धम्मपालने रॅम टाकली. टाकी मोठी झाली, माठ तेवढाच राहिला.

रविवारी वैजनाथरावांच्या हॉलमध्ये दोन्ही मशीनं शेजारी मांडली. सोसायटीच्या गणपतीचे नऊ हजार फोटो एकाच फाइलीत आवळायचे होते. वैजनाथरावांच्या पत्नी अंबिकावहिनी पंच. सरांचं मशीन साठ टक्क्यांवर गेलं तेव्हा धम्मपालचं पस्तिसावर रेंगाळत होतं. रत्नमाला फुलंब्रीहून दुपारच्या बसने परतणार होती. तिला रिकामा ड्रम कसा दाखवायचा?

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

"अहो, टँकर! पळा!" अंबिकावहिनी ओरडल्या.

"गप गं. जिंकतोय मी. तसाही एक ड्रम घरी येणारच हाय."

"मग मी जाते."

"पंचानं हलायचं नाय!"

धम्मपाल तसाही हरतच होता. तो पळाला.

शेजारी हजर नसेल तर खाली रांगेत ठेवलेला त्याचाही ड्रम आपणच भरायचा, हा सोसायटीचा रिवाज. धम्मपालने आपला भरला, सरांचाही भरला. मग त्या दोन ड्रमांकडे बघता बघता त्याला एकदम हलकं वाटलं.

थोड्याच वेळात वैजनाथराव छाती काढून खाली आले. "चार मिनिटांनी जिंकलो! काढा ड्रम."

"घ्या, सर. वर पोचवूनच देतो."

लिफ्ट बंद होती. दोघांनी ड्रम धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढवला. धम्मपालने वहिनींना नमस्कार केला, आपलं मशीन बगलेत मारलं आणि तो निघाला.

"बघ! जिंकून आणला!" वैजनाथराव म्हणाले.

अंबिकावहिनींनी ड्रमच्या तोंडाला बांधलेलं फडकं चाचपलं. "हे तर माझ्या साडीचं. आपलाच ड्रम हाय हा."

"असू दे की. भरलेला हाय ना?"

"व्हय. पण मग जिंकलेला कुठंय?"

वैजनाथराव जिन्यात धावले. धम्मपाल तोवर रत्नमालेला आणायला बस स्टँडवर निघून गेला होता.