दम बघणारा अंगठा

आमच्या तळमजल्यावरच्या रेडकरकाकांच्या उजव्या हाताचा अंगठा कायम काळा असतो. कारण जगात जिथे म्हणून भोक आहे आणि त्यातून हवा येते, तिथे काका अंगठा दाबून बघतात. सायकलचा पंप असो नाहीतर एखाद्या पोराची पिपाणी. हवेने अंगठा उडवला की म्हणतात, "दम आहे." नाही उडवला की चेहरा पडतो. "दम नाय रे ह्याच्यात."

हा 'दम' विठ्ठलवाडीच्या एका गॅरेजवाल्याचा. काका त्याच्याकडे जाऊन बसायचे. पिस्टन वर आला की आतली हवा दाबली गेली पाहिजे, ती कुठून निसटली तर इंजिन पेटत नाही. ह्या दाबाला तो दम म्हणतो. काकांनी तो शब्द उचलला आणि सगळ्या जगाला लावला. नळाला दम नाही, सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीत दम नाही. माझ्याबद्दलही त्यांनी हेच मत दिलेलं, तेही माझ्या होणाऱ्या बायकोसमोर.

तसे काका काही मेकॅनिक नव्हेत. कोलशेतच्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. पाने दुसऱ्यांना मोजून द्यायचे, स्वतः कधी फिरवले नाहीत. हे वेड लागलं काकींची फुफ्फुसं बिघडल्यापासून. काकींच्या नाकाला दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनची नळी असते, मशीन चालतं विजेवर, आणि आमच्या डोंबिवलीत वीज तिच्या मर्जीने येते-जाते. म्हणून काकांनी एक छोटा पेट्रोलचा जनरेटर जुना विकत घेतला आणि धूर घरात येऊ नये म्हणून मागे कंपाउंडच्या भिंतीशी ठेवला. रोज सकाळी ते त्याच्या इंजिनचा स्पार्क प्लग काढायचे, भोकावर अंगठा धरायचे आणि दुसऱ्या हाताने चालू करायची दोरी ओढायचे. अंगठा फट्कन उडाला की खिडकीकडे बघून सांगायचे, "आहे गं."

आतून काकी म्हणायच्या, "बरं." मग चहा.

गेल्या महिन्यात मी ठाण्याला ऑफिसात असताना काकांचा फोन आला. आवाज कापत होता. "सुनील, दम गेला रे. सकाळीच गेला. तू ये." आणि फोन बंद.

मी काय समजायचं ते समजलो. तसाच निघालो. वाटेत सेक्रेटरींना कळवलं, आणि ज्या माणसात दम नाही असं काका म्हणायचे त्याने भराभर सगळी व्यवस्था केली. मी पोचलो तेव्हा कंपाउंडमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पांढरे शर्ट घातलेली चार-पाच माणसं खाली माना घालून उभी. बेल वाजवायचा धीर कुणालाच होत नव्हता. तेवढ्यात खिडकी उघडली आणि नाकात नळी घातलेल्या काकींनी विचारलं, "सुनील, आज मीटिंग आहे का रे?"

मी तणतणतच मागे जनरेटरपाशी गेलो. "काका, फोनवर काय बोलावं काही कळतं का तुम्हाला?"

काकांना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "ओढून बघ. हलकी येते, आत हवा दाबलीच जात नाय. प्लग काढला की अंगठा उडतो, प्लग लावला की दम नाय. अंगठा पण खोटं बोलायला लागला रे."

गॅरेजवाला गावी गेलेला. त्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे काकांनी चमचाभर तेल आत सोडून बघितलं होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने दोरी तेवढ्यापुरती जड झाली असती. झाली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार, दुरुस्तीसाठी दुपारभर लाईट जाणार असल्याचा मेसेज आलेला. घरातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर तेवढा वेळ पुरणारा नव्हता.

"एक दिवस हॉस्पिटलात ठेवूया की," मी म्हटलं.

काका दोरीकडे बघत राहिले. "नेईन रे. पण परत आणायला मिळेल ना?"

माझा सगळा राग तिथेच विरला. आता मलाही भीती वाटायला लागली. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी उगाच एक स्क्रू पिळून बघितला.

"अहो," खिडकीतून काकी म्हणाल्या. त्यांना दोन शब्दांमध्ये थांबावं लागतं. "गॅसचा सिलिंडर बदलला, की साबणाचा फेस लावता ना? तसा लावा की इथे."

मी भांड्यांचा साबण आणला, फेस केला आणि प्लगच्या बुडाशी लावला. काकांनी दोरी ओढली. फेसातून बुडबुडे वर आले.

प्लगखालचा वायसर पार चेपून गेला होता. रोज उघड, रोज आवळ; तो तरी किती टिकणार? एव्हाना मागे आलेल्या सेक्रेटरींनी ह्या संधीची बहुधा वर्षभर वाट पाहिली असावी. "म्हणजे काका, दम बघून बघूनच तुम्ही दम घालवलात."

काकांनी चेपलेला वायसर उचलून खिशात टाकला. मी स्टेशनजवळून नवा प्लग आणला, त्याच्यासोबत नवा वायसर आलाच. दोरी जड झाली आणि पुढच्या ओढीला जनरेटर फटफटला. पांढऱ्या शर्टवाल्यांनी मांडलेल्या खुर्च्यांवर बसून चहा घेतला.

मी कप ठेवायला आत गेलो. "काकी, आता तुम्हीच सांगा त्यांना. रोज प्लग उघडू नका म्हणावं."

"प्लग नाही उघडणार आता," काकी म्हणाल्या. "पण अंगठा कुठे स्वस्थ बसतोय?" मग त्या जरा थांबल्या आणि हसल्या. "दुपारी माझा डोळा लागला की हळूच येतात. माझ्या नाकासमोर अंगठा धरतात. पेट्रोलचा वास येतो ना, मला लगेच कळतं."

"मग?"

"मग काय. डोळे मिटूनच ठेवते आणि जरा जोरात श्वास सोडते. जड जातं रे. पण ते 'आहे' म्हणतात, आणि जाऊन चहा ठेवतात."