पागेसरांचं ‘किसके मुकाबले’

पागेसर पेल्विस, म्हणजे बाईच्या कमरेच्या हाडांचा कटोरा, हिरव्या माहेश्वरी साडीत गुंडाळून वर्गात आणत. ‘सर की दुल्हन आ गई,’ पोरं कुजबुजत. सर आणि मी, दोघंही कॉलेजात शरीररचना शिकवत होतो. माझी हाडं मात्र खोक्यात असत.

एखाद्यानं ‘सर, ये तो छोटी है’ म्हटलं, की सर चष्म्यावरून बघत. ‘किसके मुकाबले?’

मग तासभर तेच. पुस्तकातली मापं विलायती बायकांची. देशोदेशी ठेवण निराळी, आणि आपल्या गल्लीतल्या दोघींचीही एक नाही. माझे विद्यार्थीसुद्धा तिकडे जाऊन बसत. शिकवणं माझं जास्त नेटकं आहे, हे मला रोज स्वतःलाच सांगावं लागे.

टावर चौकात फ्रिजवाला सरांना म्हणाला, ‘बड़ा मॉडल है, साहब.’ त्यालाही तेच. तेव्हा नुकतीच केबल आली होती. टीव्हीवर सुंदऱ्यांची मापं सांगू लागले की शेजारून सरांचा आवाज येई, ‘किसके मुकाबले?’ माझी बायको खळखळून हसे. माझ्या विनोदांना ती हसत नाही.

बाळंतपणाला माहेरी आलेली माझी मीनल एकदा तपासणीहून रडत आली. पेल्विस लहान वाटते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी पुस्तक काढलं. मीनल म्हणाली, ‘बाबा, पागेकाकांना बोलवा ना.’

सर आले. ‘बाईंना विचार, किसके मुकाबले? बाळाच्या डोक्याच्या, की पुस्तकातल्या मडमेच्या? मग त्या सांगतील तसंच कर. पण आत्तापासून भिऊ नकोस.’

मीनल हसली. मला लाज वाटायला हवी होती. आधी जळफळाट झाला.

डोहाळजेवणाला पागेवहिनी ओटी भरायला पुढे येईनात, भिंतीशीच उभ्या. मला सरांना टोमणा मारायचा होता, तो मी त्यांच्यापाशी मारला. ‘वहिनी, आज हिरवी साडी नाही? की हाडांनी सोडली नाही?’

‘माझीच ती, भावजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘डोहाळजेवणाला नेस म्हणून आईनं लग्नातच दिलेली. मग डॉक्टरांनी मापं घेतली. म्हणाले, लहान आहे, मूल झेपायचं नाही. आम्ही दोघं भ्यालो, आणि वर्षं गेली.’ त्या दाराकडे बघत होत्या. ‘तेव्हा यांना तो प्रश्न सुचला नाही.’

दारात सर पाहुण्यांच्या चपला जोडीनं लावत होते.

मीनलनं पदर पसरला. ‘काकू, आधी तुम्ही.’

हे तिला सुचलं, मला नाही, याचाही मला हेवा वाटला. वहिनींनी नारळ उचलला. सर एक चप्पल हातात धरून तसेच उभे राहिले.