आत्याच्या टाळ्या

खासदारसाहेबांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. आज ते संसदेत बोलणार होते. आरशासमोर उभं राहून त्यांनी भाषण इतक्यांदा म्हटलं की बायकोला ते चहा गाळता गाळता पाठ झालं.

साहेब संसदेला नवे होते असं मुळीच नाही. चार निवडणुका जिंकून ते वीस वर्षं कनिष्ठ सभागृहात बसले होते. बसले होते हेच खरं. कारण तिथल्या चर्चांमधलं त्यांचं योगदान म्हणाल तर बाक वाजवणं आणि मतदानाला हात वर करणं. पाचव्या वेळी एका तरुण वकिलाने त्यांना पाडलं. पक्षाने मात्र जुन्या माणसाची कदर केली आणि महिन्याभरापूर्वी त्यांना वरिष्ठ सभागृहात पाठवलं. तिथे आज वजनमापांच्या विधेयकावर बोलायला त्यांना दहा मिनिटं मिळाली होती.

हा विषय कुणालाच नको होता. साहेबांना मात्र तो घरचाच वाटला. आईवडील लवकर गेल्यावर आत्याने किराणा दुकान चालवून त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि भाषणात आत्याच्या तराजूवर चांगला ऐसपैस मजकूर होता. आत्या आता नव्वदीच्या घरात. तिला दिसायचं कमी, पण बोलण्यात अजून कुणाला हार जायची नाही. "बंडू, तू तिकडे काय बोलतोस ते एकदा माझ्या कानांनी ऐकू दे, मग मी डोळे मिटायला मोकळी," असं ती दर भेटीत म्हणायची आणि साहेब दर भेटीत तिला मोतीबिंदूचं विचारायचे. आज मात्र त्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

साहेब आणि बायको पुढे गेले. आत्याला स्टेशनवरून परस्पर आणायचं काम ड्रायव्हरकडे होतं. "थेट संसदेच्या दारात सोड," साहेबांनी बजावलं आणि तिथेच माती खाल्ली. ड्रायव्हर मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर होता, आजच कामावर आलेला. त्याच्या लेखी संसदेला दार एकच, जिथे तो वर्षानुवर्षं साहेबांना सोडत आला होता ते. दारावरचा रखवालदारही जुनाच. "साहेबांच्या आत्या? मग पास कसला बघायचा, या की," म्हणत त्याने आत्याला हाताला धरून कनिष्ठ सभागृहाच्या गॅलरीत पहिल्या रांगेत बसवलं. फोन दारातच काढून घेतात, त्यामुळे कुणी कुणाला विचारायची सोयही नव्हती.

त्या सभागृहात सदस्यांना नावाने नाही, मतदारसंघाने पुकारायची रीत. अध्यक्षांनी आत्याच्याच गावाचा पुकारा केला आणि खाली एक आकृती उठून उभी राहिली. आत्याला एवढ्या लांबून आकृतीच दिसत होती, आणि माइकवर सगळेच आवाज सारखे घुमत होते. पण गाव आपलं म्हटल्यावर माणूस आपलाच, यात तिला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. बंडू निवडणुकीत पडल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तो कधीपासून संसदेत आहे याचा हिशेब तिने कधी ठेवला नव्हता. उभा होता तो साहेबांना पाडणारा वकील.

"आमच्या गावचा पूल वीस वर्षं अर्धवट उभा आहे," समोरच्या बाकांवरच्या ओरड्याला न जुमानता वकील कडाडला. "आणि वीस वर्षं आमचे आधीचे प्रतिनिधी याच बाकांवर बसून होते. तोंड उघडलं असेल तर जांभई द्यायला."

"अगदी खरं," आत्या शेजारणीला म्हणाली आणि तिने दणादण टाळ्या वाजवल्या.

गॅलरीत टाळ्या चालत नाहीत. मार्शल धावत आला. "आजी, असं करायचं नसतं इथे."

"माझा भाचा आहे तो. तुझा असता तर तू काय केलं असतंस?"

मार्शलने आत्याला हळूच बाहेर नेलं आणि आपल्या खोलीत चहा पाजून ड्रायव्हरबरोबर घरी धाडलं.

इकडे वरिष्ठ सभागृहात साहेबांची पाळी आली होती. त्यांनी वर पाहिलं. गॅलरीत बायको होती आणि शेजारच्या खुर्चीवर आत्याऐवजी बायकोची पर्स. साहेबांनी सभापतींना विनंती करून पाळी पुढे ढकलली. थोड्या वेळाने पुन्हा ढकलली. शेवटी सभापती म्हणाले, "सन्माननीय सदस्यांना बोलायचं आहे की नाही? मंत्री उत्तर द्यायला उभे राहतायत." साहेब नाइलाजाने उठले आणि त्या पर्सकडे बघत सगळं भाषण वाचून मोकळे झाले. आत्याच्या तराजूचा भाग आला तेव्हा त्यांचा आवाज पार बसला.

घरी आले तर आत्या दिवाणखान्यात पाय पसरून बसलेली, चेहरा नुसता फुललेला.

"बंडू, धन्य केलंस रे. काय तो आवाज. माझ्या अंगावर काटा आला."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "तू होतीस? मला कशी दिसली नाहीस?"

"टाळ्या वाजवल्या म्हणून बाहेर काढलं मला. पण पुलावर काय बोललास, वा. आणि त्या आधीच्या आळशी माणसाची कशी सालटी काढलीस."

साहेब मटकन खाली बसले. बायकोच्या लक्षात आलं. तिने डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा. गप्प बसणं साहेबांच्या हातचा मळ होता. पण आत्याचा तो फुललेला चेहरा एका वकिलामुळे आहे, हे त्यांना सोसवेना.

"आत्या, तो मी नव्हतो. तू चुकीच्या सभागृहात बसलीस. वीस वर्षं गप्प बसलेला तो आळशी माणूस, तो मी."

आत्याने पसरलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाली, "म्हणजे मी तुझ्या विरुद्ध टाळ्या वाजवल्या."

"हो."

"बरं. मग आता तू काय बोललास ते ऐकव. ऊठ."

साहेब उठले, घसा खाकरला. "सभापती महोदय, मला वाढवणाऱ्या बाईच्या तराजूत कधी चिमूटभरही..."

"बसा खाली," आत्या ओरडली.

साहेब ताबडतोब बसले.

"अरे, बसलास काय?" आत्या म्हणाली. "तिकडे सगळे असंच ओरडत होते. म्हटलं बघू या, वीस वर्षं तू काय करत होतास ते. तो पोरगा नाही बसला. ऊठ."

साहेब पुन्हा उभे राहिले. "कधी चिमूटभरही कमी भरलं नाही. दुष्काळाच्या वर्षी तर..."

"बसा खाली."

"नाही बसणार," साहेब म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग मात्र ते सुटलेच. तराजू झाला, दुकान झालं, भाषणात नव्हतं तेही सगळं झालं. आत्याने आणखी दोनदा ओरडून पाहिलं, मग पदराने डोळे पुसत नुसती ऐकत राहिली.

"सन्माननीय सदस्यांनी आता आवरतं घ्यावं," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "जेवण गार होतंय."

"सभापती महोदया," साहेब तिच्याकडे न बघताच म्हणाले, "अजून पुलाचं राहिलंय."