माशा घालवायचे पाच घरगुती उपाय

त्या दिवशी मालनबाईंच्या घरात एकही माशी दिसता कामा नव्हती. अकरा वाजता पारनेरकडचे पाहुणे घर बघायला येणार होते, आणि त्यांच्या मुलाचं, कानिफनाथचं, मागचं स्थळ एका माशीनंच मोडलं होतं. मुलीच्या आईनं चहाचा कप तोंडाला लावला, कपात काय तरंगतंय ते बघितलं, कप परत बशीत ठेवला आणि "बरंय, येतो आमी" म्हणाली. त्यानंतर त्या माणसांनी फोनसुद्धा उचलला नाही.

कानिफनाथ तेहतीस वर्षांचा झाला होता. सोनईपासून दीड किलोमीटरवर वस्ती, बारमाही विहीर, चौदा गायी, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. पण "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "गायी सांभाळतो" असं उत्तर दिलं की पलीकडचा माणूस "कळवतो" म्हणायचा. कळवत कोणीच नव्हतं. अशी चार स्थळं गेली. हे पाचवं होतं, आणि मुलीनं स्वतःच "गायी असल्या तरी चालतील" म्हटलं होतं. एवढं बोलणारी पोरगी पुन्हा भेटेल याची मालनबाईंना खात्री नव्हती.

"औषधाचा फवारा मार की," सूर्यभान, म्हणजे कानिफनाथचे वडील, सकाळी सातला म्हणाले.

"आन दुधाला वास लागला म्हंजे? मागल्या टायमाला डेअरीवाल्यानं चाळीस लिटर दूध परत धाडलं, इसरला व्हय?" मालनबाईंनी कानिफनाथचा मोबाईल पदराआडून काढला. "हे बघा. घरगुती उपाय. पाच हायेत. पाच बी करायचे."

"एखादा केला तर न्हाई का चालनार?"

"तुमी बाजारात जाऊन फरसाण आना. माशांचं मी बघते."

मालनबाई एकदा मनावर घेतलं की अर्ध्यात थांबणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी मोबाईलवरचा तो व्हिडिओ चार वेळा बघितला, तोवर बॅटरी संपली आणि मोबाईल बंद पडला. पण उपाय पाठ झाले होते. पहिला, कडुलिंब. त्यांनी बांधावरून डहाळे तोडून आणले आणि दाराच्या दोन्ही बाजूंना टांगले. दुसरा, धूर. एका मडक्यात पेटती गोवरी घातली, वर लिंबाचा ओला पाला टाकला आणि मडकं बरोबर दारासमोर अंगणात ठेवलं. तिसरा उपाय तुळशीचा. तुळशीच्या दोन कुंड्या त्यांनी ओट्यावर आणल्या. चौथा कापूर आणि पाचवा लवंगेचं तेल, ते त्यांनी सगळीकडे शिंपडलं.

ओट्यावर बाजेवर आप्पासाहेब होते. हे सूर्यभानचे वडील. वय चौऱ्याऐंशी, कान जरा जड, झोप मात्र विशीतल्या पोराची. न्याहारी झाली की त्यांना तासभर पडायचं असायचं, आणि पाहुणे येणार म्हणून ते आपला नेम मोडणार नव्हते.

"सूनबाई, ह्यो कसला वास सोडलाय? डोस्कं फुटाया लागलं."

"लवंग हाय आप्पा. माशांसाठी."

"माशांचं मला म्हाईत न्हाई, मी जाईन या वासानं."

बाजाराला निघालेले सूर्यभान हे ऐकून हसले आणि बाहेर पडले. मालनबाईंनी मग कापसाचे दोन बोळे करून दिले. आप्पांनी ते नाकपुड्यांत घातले. उरल्यासुरल्या माशा तोंडावर बसू नयेत म्हणून पांघरायचं पांढरं धोतर डोक्यावरून थेट नाकापर्यंत ओढलं, आणि उताणे पडून झोपी गेले. दोन्ही तुळशी त्यांच्या उशाशीच होत्या, कारण ओट्यावर दुसरीकडे जागा नव्हती.

आता हे सगळं रस्त्यावरून कसं दिसत असेल, हा विचार मालनबाईंच्या मनाला शिवला नाही. बाई घरात शिरली आणि पोह्यांचा कांदा चिरायला बसली. कांदा झणझणीत होता. डोळ्यांना धारा लागल्या.

साडेनऊला शेजारच्या वस्तीवरचा आसाराम दुधाचे कॅन मोटारसायकलला लटकावून डेअरीकडे निघाला होता. त्यानं वस्तीकडे सहज बघितलं आणि गाडीचा ब्रेक दाबला. दाराला लिंब. अंगणात मडक्यात गोवरी धुमसतेय. ओट्यावर म्हातारा, अंगावर पांढरं, नाकात कापूस, उशाला तुळस. तेवढ्यात मालनबाई डोळे पुसत दारात आल्या, मडक्यात थोडा पाला टाकला आणि पदरानं नाक पुसत आत गेल्या. अजून काय पुरावा हवा होता माणसाला?

आसाराम थांबून दोन शब्द बोलला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मयताच्या दारात गेलं की अंघोळ आली, आणि अंघोळ करत बसलं तर दूध नासलं. म्हणून त्यानं रस्त्यावरूनच हात जोडले आणि गावच्या ग्रुपवर आवाज भरून टाकला, "आपले आप्पासाहेब गेले. वस्तीवर या सगळ्यांनी. लई देवमाणूस हुता." कानिफनाथला फोन करून खात्री करावी असं काही जणांना वाटलं. त्यांनी केलाही. फोन बंद लागला, म्हणजे खात्रीच झाली.

सूर्यभान तेव्हा बाजारात फरसाणाच्या दुकानात उभे होते.

"अर्धा किलो दे. ताजं दे बरं का."

दुकानदारानं कागद खाली ठेवला. "सूर्यभानभाऊ, तुमाला कुनी सांगितलं न्हाई का? अवो, घरी आप्पा गेले, आन तुमी फरसाण काय घेताय?"

सूर्यभाननी कपाळावर हात मारून घेतला. सकाळीच आप्पा म्हणाले होते, मी जाईन या वासानं! आणि आपण हसून बाहेर पडलो. फरसाण तिथंच टाकून ते मोटारसायकलवर बसले आणि रडत निघाले. वस्तीच्या वळणावर एक पांढरी गाडी थांबली होती. काच खाली झाली.

"राम राम. कानिफनाथची वस्ती हीच का? आम्ही पारनेरहून आलोय."

"राम राम कसला पाव्हनं," सूर्यभाननी हंबरडा फोडला, "माझा बाप गेला हो!"

गाडीत मुलीचे वडील ज्ञानेश्वर, तिची आई आणि मुलगी संस्कृती होती. घरात मयत झाल्यावर सोयरिकीचं बोलणं कसलं? आता वर्षभर तर या घरात कार्य होणार नव्हतं. आईनं हळूच गाडी वळवायची खूण केली. पण संस्कृती म्हणाली, "बाबा, दारापर्यंत आलोय. माणसं दुःखात आहेत. भेटून जाऊ."

इकडे वस्तीवर माणसांची रीघ लागली होती. बाया आल्या, बापे आले. शेजारणींनी पिठलं-भाकरी टोपल्यात झाकून आणली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. दोघं तिघं परस्पर गोठ्यात जाऊन गायींना वैरण टाकू लागले. गावातला गोरक्षनाथ तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडं भरूनच आला. रीत अशी की पोराच्या आधी बापाच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे सगळे हात जोडून, माना खाली घालून अंगणात उभे राहिले आणि सूर्यभानची वाट बघू लागले.

कानिफनाथ मागच्या न्हाणीत केसाला दुसऱ्यांदा साबण लावत होता. इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून तो पुढच्या दारात आला आणि बघतो तर अंगणात साठ माणसं.

मुलगी बघायला एवढा गाव लोटेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला भरूनच आलं. "या, या! बसा की! उभे का?" तो तोंडभर हसला. "पाव्हनं यायचेत अजून. चहा घेऊनच जायचं बरं का सगळ्यांनी."

"आरारा," मागून एक म्हातारी पदराला डोळे लावत म्हणाली, "पोराच्या डोस्क्यावर परिनाम झाला गं बाई. नातवाचा लई जीव हुता."

आत मालनबाई कढईत फोडणी टाकत होत्या. आवाज ऐकून बाहेर आल्या, आणि त्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल तर माशा. साठ माणसांबरोबर, पिठल्याच्या टोपल्यांबरोबर माशांचा थवाच्या थवा आला होता. "अगं बाई, एवढा धूर केला तरी आल्या!" त्या ओरडल्या. शेजारणींना वाटलं, बाई आपल्यालाच बोलतेय.

तेवढ्यात सूर्यभान पोचले. गाडी आडवी टाकून धावत सुटले आणि "आप्पाऽऽ" करत बाजेवर धाडकन कोसळले. मागोमाग पारनेरची पांढरी गाडी येऊन थांबली.

बाजेवर पडलेल्या आप्पांनी सणसणीत लाथ झाडली. सूर्यभान तुळशीच्या कुंडीवर गेले. आप्पा उठून बसले, धोतर बाजूला केलं, नाकातले बोळे काढले आणि साठ माणसांवरून नजर फिरवली.

"कोन मेलं रं?"

आप्पांनी दाराचा लिंब बघितला, मडक्यातली गोवरी बघितली, गोरक्षनाथच्या ट्रॉलीतली लाकडं बघितली. म्हातारा चौऱ्याऐंशी पावसाळे काढलेला होता.

"मीच का?" ते म्हणाले. "आन बाभळीची लाकडं आनली व्हय रं गोरक्षा? आंबा न्हाई मिळाला?"

मग जो हशा उसळला तो दोन शेतांपलीकडे ऐकू गेला. सूर्यभान मात्र कुंडीशेजारी बसून लहान पोरासारखे रडत होते, आणि आप्पा त्यांच्या पाठीवर हात फिरवत "गप रं येड्या, हाय मी" म्हणत होते. आणखी दोघं हसले नाहीत. कानिफनाथ गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांकडे बघत होता, आणि मालनबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "पाचवं बी गेलं. माझ्या हातानं घालवलं मी. पोराचं कल्यान केलं. आता कोन देनार हो या घरात पोरगी?"

संस्कृती पुढे आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती मालनबाईंशेजारी उंबऱ्यावरच बसली.

"काकू, हे सगळं माशांसाठी केलंत?"

"व्हय गं बाई. मागल्या येळी चहात पडली हुती."

"पण पुढच्या दाराला एवढं करून काय उपयोग? माशा होतात कुठं ते बघू या का? मला मागची बाजू दाखवता?"

मुलीकडच्या माणसाला उकिरडा दाखवायचा? मालनबाईंचे पाय उचलेनात. पण कानिफनाथच म्हणाला, "चला. हाय ते हाय." स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आठ पावलांवर चौदा गायींच्या शेणाचा, दोन वर्षांचा ओला ढीग होता. वर माशांचं काळं पांघरूण.

"आमच्याकडं बावीस शेळ्या आहेत," संस्कृती म्हणाली. "आम्हीही आधी कापूर-बिपूर जाळायचो. ओल्या शेणात माशी अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत नवीन पिढी तयार. शेण रोज लांब न्यायचं, पातळ पसरून उन्हात वाळवायचं, वर अळ्या वेचायला चार कोंबड्या सोडायच्या. बाकी काही नाही."

"हालवू की," कानिफनाथ म्हणाला.

"कधी? सगळेच म्हणतात हलवू."

कानिफनाथनं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं. "गोरक्षा, ट्रॉली मागं घे!"

"आन लाकडं?" गोरक्षनाथनं विचारलं.

"गोठ्याच्या मागं उतरव," आप्पा ओट्यावरून म्हणाले. "कोरडी ठेव. कदी ना कदी लागतीलच."

माणसं मातीला म्हणून कामधंदा सोडून आलेली होती, दिवस मोकळाच होता. कोणी पाट्या उचलल्या, कोणी फावडी. अत्तर लावलेला नवरा मुलगा गुडघाभर शेणात उभा होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. तासाभरात तीन खेपा झाल्या, ढीग लांबच्या पडीक तुकड्यात पसरला गेला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन वर्षांनी पलीकडचा ऊस दिसला. मालनबाई त्या खिडकीशी उभ्या राहून बघतच राहिल्या. मग सगळ्यांनी मिळून मयताचं म्हणून आलेलं पिठलं-भाकरी पोह्यांबरोबर खाल्लं.

ज्ञानेश्वरांनी हात धुतले आणि आप्पांच्या बाजेवर येऊन बसले.

"आप्पा, आम्ही सहा घरं बघितली. सगळी सजवून ठेवलेली. माणूस अडचणीत आला तर तिथं कोण धावून येईल, ते काय चहा-पोह्यात कळत नाही. तुमच्याकडं अर्ध्या तासात साठ माणसं आली, आणि ट्रॉलीसुद्धा." त्यांनी लेकीकडे बघितलं. संस्कृती कानिफनाथच्या शर्टाकडे बघून हसू दाबत होती. तिनं मान हलवली. "तेव्हा सुपारी असेल घरात तर काढा."

मालनबाई सुपारी आणायला उठल्या, त्या देवघराऐवजी चुकून गोठ्यातच गेल्या. चुलीवरचा चहा उतू गेला. कोणाचंच लक्ष नव्हतं.

सुपारी फुटते न फुटते तोच कानिफनाथचा मोबाईल वाजला. मघाशी कोणीतरी तो चार्जिंगला लावून चालू केला होता. फोन पुण्याच्या बनुबाईचा होता. बनुबाई म्हणजे आप्पांची धाकटी लेक. गावची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, आणि ती सकाळीच गाडी करून निघाली होती. आप्पांनी हात पुढे केला. "दे इकडं. मी बोलतो."

"कानिफाऽऽ," पलीकडून रडण्याचा आवाज आला, "मी सुप्यापर्यंत आले रे. आप्पांना तसंच ठेवा. माझी वाट बघा."

"ठेवलंय, ठेवलंय," आप्पा फोनमध्ये ओरडले. "तू आता नगरला थांब, आन येताना पाच किलो पेढे घेऊन ये. गाव मोठा जमलाय, दोन किलोत भागायचं न्हाई."