मागावं लागू नये म्हणून

शिबिराच्या पत्रकात बावीस वस्तूंची यादी होती. आजोबांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली. संध्याकाळपर्यंत यादी एकसष्टवर गेली.

"बाबा, तीन दिवसांचं शिबिर आहे," सून म्हणाली. "साबणाच्या तीन वड्या कशाला?"

"एक वापरायची. एक, पहिली हरवली तर."

"आणि तिसरी?"

"पहिली सापडेपर्यंत दुसरी हरवली तर."

सून औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या शंका ऐकून घ्यायची तिला सवय होती, म्हणून तिने तीनही वड्या काढून दिल्या. शिवाय शिबिराला निघालेल्या आपल्या मुलीची, बिट्टीची, तिलाही मनातून तीच काळजी होती. बिट्टी नऊ वर्षांची झाली तरी कुणाकडे काही म्हणून मागत नसे. वर्गात पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा शेजारच्या मुलीकडे टोकयंत्र मागायचं सोडून ही दातांनी लाकूड कुरतडत बसली होती. पाहुण्यांच्या घरी तहान लागली तर घरी येईपर्यंत तशीच राही आणि मग तीन पेले पाणी पिई.

हा गुण कुठून आला, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. सगळे नुसते आजोबांकडे बघत.

आजोबांनी छत्तीस वर्षं ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर काढली होती. त्या टेबलाची एक गोष्ट त्यांना फार आवडे. मागणारे सगळे पलीकडे आणि आपण अलीकडे. टेबल सोडून रस्त्यावर आले की त्यांचं अवघड होई. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाला 'जरा पाय बाजूला घेता का' एवढं म्हणवेना, म्हणून ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथून चालत परत आले. बिट्टी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. तिथे तिने तीन दिवस तहानलेलं राहू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यावर त्यांना एकच उपाय दिसत होता. बॅगेत सगळं असलं की मागायची वेळच येणार नाही.

वस्तूंवर नाव घालावं, असंही पत्रकात होतं. आजोबांनी नावाबरोबर दाखलक्रमांकही घातला. मोज्यांनासुद्धा क्रमांक पडले, उजवा सत्तावीस आणि डावा अठ्ठावीस. आणि हाताला सवयच होती, म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का बसला. तारीख चोवीस.

"मला नाही लावायची चिठ्ठी?" बिट्टीने विचारलं.

"तुझी तारीख मला पाठ आहे," आजोबा म्हणाले.

मुलगा कामावरून आला तो सरळ बॅगेला अडखळला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. निळी बॅग त्याच्याच कंपनीने दिलेली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वजनमर्यादा पाळा'.

"बाबा, पत्रकात हेही लिहिलंय, आपली बॅग आपणच उचलायची. हिला झेपणार आहे का ही?"

हे मात्र आजोबांच्या नजरेतून सुटलं होतं. त्यांनी बॅग वजनकाट्यावर ठेवली. साडेसात किलो. बिट्टी स्वतः चोवीस किलोची. एकसष्टमधलं काय कमी करावं, हे पाहायला ते बसले, आणि तासाभराने सुईदोरा वाढवून उठले.

"उचलायचा सराव करू," ते म्हणाले. "सराव केला की झेपतं."

आता भरलेली बॅग जिन्यावर आपटत सराव करायचा म्हणजे आतली सगळी रचना विस्कटणार. कंपनीने अशाच बॅगा दोन दिल्या होत्या. आजोबांनी दुसरी काढली आणि कपाटातून तेवढ्याच वजनाची पुस्तकं भरली. ज्ञानकोशाचे दोन खंड, प्राण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक, समुद्रप्रवासाच्या गोष्टी. काटा साडेसातला दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता, म्हणून वर भुतांच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक ठेवलं. काटा बरोब्बर जुळला तेव्हा त्यांना इतकं समाधान झालं की त्यांनी दोनदा खाली वाकून पाहिलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नव्हती. चार दिवस बिट्टी पुस्तकांची बॅग घेऊन खालीवर करत होती आणि आजोबा मागून रिकाम्या हातांनी धापा टाकत होते. चौथ्या दिवशी ती वर पोचली तेव्हा आजोबा अजून पहिल्या मजल्यावर होते.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलाचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक बाई दोन मांजरं घेऊन लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मुलाने एका हाताने फोन कानाला धरला, दुसऱ्या हाताने दारातली निळी बॅग उचलली, बिट्टीला शिबिराच्या बसमध्ये बसवलं आणि तसाच मांजरांकडे गेला. सून दुकान उघडायला गेली. आजोबांनी सगळं नीट पार पडलं म्हणून पेपर उघडला आणि पाय लांब केले. पाय निळ्या बॅगेवर पडले.

त्यांनी चेन उघडली. वरच साबणाच्या तीन वड्या होत्या.

त्यांनी सुनेला फोन केला. सुनेने शिबिराला केला.

"कुणी उचलत नाही," ती म्हणाली. "आणि यांचा फोन बंद आहे, लिफ्टच्या खड्ड्यात असतील. मला दुकान सोडता येत नाही, बाबा. दुसऱ्या ताई आज आल्याच नाहीत."

"मग?"

"मग तुम्हीच."

आजोबांनी बॅगेकडे पाहिलं. "अंगावरच्या कपड्यांशिवाय तिच्याकडे काही नाही, बाबा," सून हळूच म्हणाली. "आणि ती सांगणार नाही कुणाला."

ते आजोबांना सांगायची गरज नव्हती. कुठल्याशा भिंतीला टेकून, ज्ञानकोश मांडीवर घेऊन बसलेली बिट्टी त्यांना समोर दिसत होती. त्यांनी बॅग उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंतच त्यांना कळलं की साडेसात किलो हा आकडा काट्यावर जेवढा दिसतो तेवढा लहान नसतो.

पहिली बस त्यांनी कुणालाही न विचारता पकडली आणि ती उलट्या दिशेची निघाली. चाळीस मिनिटांनी ते परत त्याच थांब्यावर होते. मग त्यांनी घसा खाकरला. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी वळून पाहिलं.

"काही म्हणालात?"

"नाही," आजोबा म्हणाले. मग बिट्टी आठवली. "म्हणजे, हो. नदीकाठच्या शिबिराला कुठली बस जाते?"

गृहस्थांनी बस सांगितली, थांबा सांगितला आणि त्या भागात आपले साडू राहतात हेही सांगितलं. आजोबांना आश्चर्य वाटलं. विचारलं तर माणसं नुसती सांगत नाहीत, खूश होऊन सांगतात. पुढे बसवाहकाला विचारलं, उतरल्यावर पंक्चरवाल्याला विचारलं, दूध घेऊन निघालेल्या बाईला दोनदा विचारलं. एवढं मात्र त्यांना जमलं नाही, की कुणाला बॅगेला हात लावायला सांगावं. रस्ता विचारणं वेगळं. ओझं आपलंच. दर वीस पावलांवर ते थांबत, हात बदलत, आणि कुणी बघत असलं तर झाडाचं निरीक्षण करत असल्याचं दाखवत.

शिबिराच्या फाटकाशी पोचायला चार वाजले. पहारेकऱ्याने त्यांना मुलींच्या खोलीकडे पाठवलं.

खोलीत बिट्टी भिंतीला टेकलेली नव्हती. ती दाराजवळच्या लाकडी पेटीमागे बसली होती आणि पेटीसमोर पाच मुली रांगेत उभ्या होत्या.

"भुतांचं उद्या सकाळी येईल," बिट्टी एकीला सांगत होती. "तोवर समुद्राचं ने. त्यातही एक जण बुडतो." मग तिला आजोबा दिसले. "आजोबा, तुम्ही इथे?"

"तुझी बॅग," आजोबा म्हणाले, आणि बॅगेवरच बसले. "तुझ्याकडे टॉवेल नाही, पांघरूण नाही."

"आहे ना."

तिने ज्ञानकोशाचा पहिला खंड उलटा करून शेवटचं कोरं पान उघडलं. त्यावर तीन रकाने होते, वस्तू, मालकीण आणि परतीची तारीख. टॉवेल, उंच मुलीचा, चोवीस. पांघरूण, चष्मेवालीचं, चोवीस. कंगवा, चपला, रात्रीचा फ्रॉक, सगळं चोवीस. छापील पुस्तकावर लिहिलेलं पाहून आजोबांचा जीव कळवळला.

"पेन्सिलने लिहिलंय," बिट्टी घाईने म्हणाली. "पेन्सिलपण मागून आणलीय."

"तू मागितलीस?"

"आधी नाही. मी बॅग उघडली आणि मला रडूच येणार होतं. तेवढ्यात ती उंच मुलगी म्हणाली, भुतांचं दे ना वाचायला. मग मी म्हटलं, देते, पण टॉवेल दे." ती जरा थांबली. "पुढचं सोपं होतं. सगळ्यांच्या घरच्यांनी सगळं जास्तीचं दिलंय, आजोबा. साबण तर इतके झालेत की इथल्या ताईंनी बादलीत गोळा करून ठेवलेत."

आजोबा तीन वड्यांवर जरा सावरून बसले.

"रस्ता कसा सापडला तुम्हाला?" तिने विचारलं. "विचारलंत?"

"चार जणांना," आजोबा म्हणाले. "एकीला दोनदा."

"मी अकरा जणींकडे मागितलं," बिट्टी म्हणाली. तिच्या आवाजात बढाई नव्हती. फक्त आकडा मोठा होता. तिने आजोबांना जरा सरकायला लावून बॅगेतून दात घासायचा ब्रश काढून घेतला आणि चेन लावली. "एवढाच राहिला होता, हा मागता येत नाही. बाकीची घेऊन जा."

"अगं, तुझे कपडे आहेत यात. ब्रश गेला तरी एकसष्ट वस्तू."

"पण आता ज्याचं त्याला परत केलं, तर त्यांना वाटेल मला आवडलं नाही. आणि मग पुस्तकं तरी कशी मागतील?"

देवघेवीच्या टेबलावर छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा हिशोब पटला. ते उठले. बॅग उचलली, खाली ठेवली, खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायला लागले.

"जड आहे ना?" बिट्टीने विचारलं.

"नाही, नाही. झाड बघतोय."

"कुणाला तरी सांगा ना, बॅगेचा एक बंद धरायला," ती सहज म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीकडे वळली.

आजोबा फाटकापर्यंत आले. पहारेकरी खुर्चीत बसून नखं काढत होता. आजोबा त्याच्या पुढून गेले, दहा पावलांवर थांबले, आणि परत आले.

"जरा एक बंद धरता का? थांब्यापर्यंत?"

पहारेकऱ्याने नखं काढायचं सोडलं, उठला, बंद धरला, आणि बॅग वर येताच त्याची एक बाजू खाली झुकली.

"अहो आजोबा, भरलंय तरी काय एवढं?"

"सगळं," आजोबा म्हणाले. "कुणाकडे काही मागावं लागू नये म्हणून."