हळद, वांगं आणि कुंकू

अकरा वर्षांत माझं मौन एकदाही मोडलं नव्हतं! रोज अंघोळ झाली की तोंड बंद, ते थेट देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत. मध्ये दूध उतू जावो नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहोत, मी हूं की चूं करत नाही. लिहूनही सांगत नाही; ती पळवाट झाली. खुणा तेवढ्या चालतात. आणि माझ्या खुणा न कळणारा माणूस अजून जन्मायचाय, असं मला त्या रविवारपर्यंत वाटत होतं.

त्या संध्याकाळी ठाण्यात उर्वीचा, म्हणजे आमच्या लेकीचा, गिटारचा पहिला कार्यक्रम होता. त्यासाठी तिने महिनाभर खपून एक पेडल बनवलेलं. पेडल म्हणजे पत्र्याची डबी. पायाने बटण दाबलं की गिटारचा चांगला सूर ओला पापड तेलात पडल्यासारखा चरचरतो. लोक हे हौसेने करतात म्हणे!

साडेनवाला मी सोवळ्यात, देवघरात बसलेले, तर उर्वी उघडी डबी घेऊन दारात.

"आई, आवाज बरोबर येत नाहीये. इथला रेझिस्टर दहा के आहे. किती लावू? अकराला तालमीला निघायचंय गं!"

मला विचारलं, कारण वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं सोल्डरिंग केलंय. रेझिस्टर म्हणजे जिऱ्याचा थोरला भाऊ. अंगावर रंगीत पट्टे, आणि प्रत्येक रंगाचा एक आकडा. के म्हणजे हजार. तिने वाजवून दाखवलं. देवा! मिक्सरमध्ये चमचा राहिला होता जणू! उत्तर सरळ होतं. तिथला आकडा कमी केला की आवाज सौम्य. चार पॉइंट सात के लावला की पोरगी चारचौघांत वाजवण्यासारखं वाजवेल.

मी चार बोटं दाखवली. आता पॉइंट हाताने कसा दाखवायचा? कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं. मग सात बोटं.

"डोकं दुखतंय हिचं," आमचे हे पेपराआडून म्हणाले. हे म्हणजे हरिहरराव. बँकेतून निवृत्त, घरात रुजू.

"सत्तेचाळीस के! थँक्यू, आई!" म्हणत उर्वी खोलीत पळाली.

सत्तेचाळीस! म्हणजे जवळजवळ पाचपट फाटका! मी टाळ्या वाजवल्या. घंटा वाजवली. हे उठून आले आणि आरतीला हात जोडून उभे राहिले.

मग मला रंग सुचले. चारचा पिवळा, सातचा जांभळा आणि पुढच्या दोन शून्यांचा लाल. सोवळ्यात त्या डबीला शिवता येईना, पण बोट तर दाखवता येतं! मी ताटातली हळद दाखवली. जांभळं काय दाखवू? गोकर्णाची फुलं होती, पण ती निळी, आणि निळा म्हणजे सहा. चुकीचा आकडा मी कसा सांगू? तेवढ्यात शेजारच्या कांताबाई बाजारातून आल्या त्या सरळ आत आल्या. त्यांच्या पिशवीत वर वांगं होतं. काय तो जांभळा रंग! मी दोन्ही हातांनी वांगं दाखवलं.

कांताबाईंचा चेहराच उतरला. "सरोजताई... चातुर्मासात वांगं? तुम्ही?"

मी जोरजोरात मान हलवली. वांगं दाखवलं, मग कुंकू दाखवलं.

"खायचंच म्हणतायत हो," त्या ह्यांना हळूच म्हणाल्या. "वयाने होतं असं. मी नाही कोणाला सांगत." वांगं ठेवलं आणि सांगायला खाली गेल्या.

"हळद, वांगं, कुंकू..." हे पुटपुटले आणि एकदम उजळले. "कळलं! यंत्राची पूजा! खंडेनवमीला करतो तशी!" मी डोक्याला हात लावला, तर म्हणाले, "हो हो, डोक्याला पण लावतो तिच्या." आणि माझं ताट नि वांगं घेऊन खोलीत गेले.

"बाबा, सर्किटवर हळद नको! बाबा, कुंकू तरी नको! बाबा, वांगं कशाला?"

आणि मग तो आवाज आला. मघाशी मिक्सरमध्ये चमचा होता; आता अख्खा मिक्सर जिन्यावरून गडगडत चाललेला. घड्याळात पावणेअकरा. नैवेद्याचा कुकर अजून लावायचा होता. एकीकडे माझी अकरा वर्षं, दुसरीकडे माझी लेक, हा आवाज घेऊन स्टेजवर. मी देवाकडे पाहिलं. त्याचं मौन माझ्यापेक्षा जुनं आहे.

"पिवळा, जांभळा, लाल!" मी ओरडले. इतकी ओरडले की समई थरथरली. "चार पॉइंट सात! ते सत्तेचाळीस काढ गं!"

उर्वी बाहेर आली. कपाळभर हळद, डोळ्यांत पाणी.

"काढू? आई, हाच आवाज मी महिनाभर शोधतेय! दहाला फारच गुळमुळीत येत होता. चार पॉइंट सात लावला असता, तर मला तिथे भजनच म्हणावं लागलं असतं!"

तिने डबीचं झाकण आवळलं, मला लांबूनच नमस्कार केला आणि चपला घालता घालता म्हणाली, "एक सांगू, आई? बोलली नव्हतीस तेव्हाच बरोबर सांगितलंस."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. नैवेद्य अजून व्हायचा होता.