पाठीमागची पिवळी पाटी

गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ज्याच्या हातच्या होत्या, त्या पेंटरने गेलं वर्षभर एकाच पाटीचा ध्यास घेतला होता. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, ‘नवा हात आहे. सांभाळून घ्या.’ मागे चुंबक, म्हणजे गाडीच्या पाठीवर थापली की चिकटली आणि ओढली की निघाली. नव्याने लायसन मिळालेल्या प्रत्येकाने पहिली दोन वर्षं ही पाटी लावलीच पाहिजे आणि अशा गाडीमागे हॉर्न वाजवणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, असा नियम व्हावा म्हणून त्याने वाहतूक कार्यालयात सतरा अर्ज दिले होते. अठरावा देऊ नका, त्यापेक्षा येऊन काय ते बोला, असं शेवटी तिथल्या मॅडमनीच कळवलं.

या ध्यासाचं मूळ घरातच होतं. लायसन मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी लेकीची गाडी सिग्नलला बंद पडली. मागून हॉर्नचा असा भडिमार झाला, की पोरीने गाडी कशीबशी चालू केली, घाबरून भलतंच काहीतरी दाबलं आणि खांबावर नेऊन आदळली. तिला खरचटलंही नाही, पण पुढे दोन महिने तिने किल्लीला हात लावला नाही. आता तिला इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारपासून पहाटे सहाची ड्यूटी, आणि त्या वेळी बस नाही. गाडी चालवायची नाहीतर नोकरी सोडायची. तेव्हा मॅडमनी आज भेटीला दिलेल्या दहा मिनिटांत नियमाचं काय ते होणार होतं, आणि पेंटरच्या मते पोरीचंही.

सकाळी लेक सरावाला गाडी घेऊन जाऊन आली होती. तिने ती उलटी घेऊन, पाठ भिंतीला लावून इतकी सरळ उभी केली होती, की पेंटर क्षणभर बघतच राहिला. मग चार पानी भाषण खिशात घालून तो घाईने आत बसला. भाषणाचं पहिलं वाक्यच जळजळीत होतं. गाडीत बसला की आपल्या गावातला माणूस माणूस राहत नाही.

गल्लीच्या तोंडाशी त्याने नेहमीप्रमाणे दात-ओठ खायची तयारी केली. इथे दहा मिनिटं मोडायचीच. पण समोरून येणारा पाण्याचा टँकर चक्क थांबला, आणि ड्रायव्हरने हात हलवून त्याला आधी जाऊ दिलं. तेहेतीस वर्षांत असं घडलं नव्हतं. टँकरवाल्याचं आज पोट बिघडलं असेल, असं म्हणून पेंटर पुढे निघाला.

चौकात हिरवा दिवा लागला आणि त्याची म्हातारी गाडी आचके देत बंद पडली. पेंटरने खांदे वर घेतले, मान आत घेतली आणि डोळे मिटले. पण काहीच झालं नाही. एवढी रांग मागे उभी असून एकही हॉर्न नाही. त्याने भीत भीत आरशात पाहिलं, तर मोटरसायकलवरचा एक दांडगा माणूस हाताने ‘सावकाश, सावकाश’ करत होता. शेजारच्या बसमधून ड्रायव्हर खाली वाकला.

“काका, घाई नाही. क्लच हळूहळू सोडा. जमेल तुम्हाला.”

पेंटरने स्टिअरिंग सोडून त्याला हात जोडले. आपल्या गाडीचा क्लच हट्टी आहे, हे या परक्या माणसाला नुसतं बघून कळावं? पुढे तर कमालच झाली. रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोरी थांबून त्याला जायला सांगू लागल्या. वाहतूक पोलिसाने अख्खा चौक अडवला आणि त्याला एकट्याला सोडलं. याच माणसांना आपण वर्षभर शिव्या घातल्या, याची पेंटरला अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. देव बघावा तसा तो एकेक गाडीवाला बघत होता.

कार्यालयाच्या आवारात गाडी लावायला चार माणसं धावून आली. चष्मा लावलेल्या एक बाई, “अजून थोडी... बास, सुंदर!” म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेहेतीस वर्षं गाडी चालवणारा माणूस लाजून लाल झाला. उशीर झाला होता. मागे वळून न बघता तो जिना चढला.

टेबलामागे त्याच चष्मेवाल्या बाई येऊन बसल्या. मॅडम त्याच. पेंटरने खिशातून भाषण काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिलं. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. चुकलेलं अक्षर तो गिऱ्हाईक समोर असताना पुसायचा.

“मॅडम, माझे सतराही अर्ज मागे घेतो,” तो म्हणाला. “आजच डोळे उघडले. आपली माणसं सोन्यासारखी आहेत. पाटीची काही गरज नाही.”

मॅडम गोंधळल्या. खरं तर अर्ज फेटाळायचेच ठरले होते, त्यांनी सांगितलं. पाटीने काही फरक पडत नाही, असंच सगळ्यांचं मत होतं. पण आज पेंटरने जे प्रात्यक्षिक दाखवलं, ते त्यांनी घरून येताना त्याच्याच मागे राहून पाहिलं होतं.

“कसलं प्रात्यक्षिक?”

मॅडमनी नुसतं खिडकीकडे बोट केलं. खाली गाडीच्या पाठीवर, त्याच्याच वळणदार अक्षरांत, पिवळी पाटी उन्हात झळकत होती. पेंटर तिथेच खुर्चीत बसला. माणसं खरंच सोन्यासारखी होती, फक्त त्यांना आधी कोणीतरी तसं सांगावं लागत होतं.

“मग अर्ज मागे घेताय?” मॅडमनी विचारलं.

त्याने जोराने नकारार्थी मान हलवली. नियम सोमवारपासून लागू करायचं ठरलं. त्यात एक कलम मॅडमनी आपल्या मनाचं घातलं. जुन्या चालकाने पाटी वापरली, तर दंड.

परतताना पाटी शेजारच्या सीटवर होती. चौकात पुढची गाडी बंद पडली आणि पेंटरचा हात आपोआप हॉर्नवर गेला, नेमका तसाच, जसा वर्षभर तो दुसऱ्यांचा गेलेला पाहत होता. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मागे मात्र सगळ्यांनी त्याच्या नावाने हॉर्न सुरू केले. तो शांत बसून राहिला.

संध्याकाळी लेक बघते तो बाबा दोन पाट्या रंगवत बसलेले.

“सरावाला लावलेली पाटी सकाळी काढायची राहिली, बाबा. पण मला एकच लागेल. दुसरी कुणाला?”

“मला.”

“तुम्हाला दंड होईल ना?”

“मागे लावली तर,” तो ब्रश न उचलता म्हणाला. “ही मी आत लावणार आहे. स्टिअरिंगच्या वर, माझ्या डोळ्यांसमोर.”